तीन पावसाळे भिजलेली स्प्लेंडर आणि वीस हजारांची मर्यादा

खंडेनवमीला आबांनी गोठ्याच्या वळचणीला उभ्या असलेल्या स्प्लेंडरलाही झेंडूची माळ घालायला लावली. “चालत नसली म्हणून काय झालं, हत्यारच की ते.” माळ अडकवताना क्लचचा लिव्हर सहज दाबला, तर तो दाबलेलाच राहिला. केबल आतून गंजून गच्च झाली होती. पुढच्या टायरच्या कडेला भेगा अशा की नख आत जात होतं. टाकीचं झाकण उघडलं तेव्हा पेट्रोलचा नव्हे, जुन्या वॉर्निशसारखा आंबूस वास आला.

२०२२ च्या दिवाळीनंतर आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून गाडी तिथेच होती. भुदरगड तालुक्यातले तीन पावसाळे तिनं अर्ध्या पत्र्याखाली काढले. भंगारवाला दोनदा येऊन साडेचार हजार सांगून गेला होता, आणि खरं सांगायचं तर मी मनातून तयारही झालो होतो.

संध्याकाळी पत्र्याच्या पेटीतून आरसी काढली. नोंदणी जानेवारी २००१ ची. पंधरा वर्षांनी २०१६ ला एकदा नूतनीकरण, २०२१ ला दुसऱ्यांदा, मुदत जानेवारी २०२६ पर्यंत. म्हणजे हातात साडेतीन महिने. मुदत उलटली की दुचाकीला महिन्याला ३०० रुपये जादा शुल्क चढत जातं. दोन वर्षं झोपा काढल्या तर कागद गाडीपेक्षा महाग. करायचं तर आत्ताच, असं झालं. घरात ठरलं: कागदांसकट वीस हजार, वर एक रुपया नाही.

मित्रांचं म्हणणं होतं, एवढी हौस आहे तर यामाहाची आरएक्स १०० शोध. तिचं उत्पादन १९९६ मध्ये थांबलं. आज नीटनेटक्या गाडीला लोक लाखाच्या घरात किंमत सांगतात आणि खरे पार्ट मिळवायला गावोगाव फिरावं लागतं. हौस म्हणून ठीक, पण काटकसरीत बसत नाही. स्प्लेंडरचं उलट आहे. ९७.२ सीसीचं हे आडवं इंजिन हिरो होंडाच्या १९८५ च्या सीडी १०० पासून थोड्याफार फरकानं चालत आलंय आणि आजच्या स्प्लेंडर प्लसलाही तेवढ्याच सीसीचं आहे. तालुक्याच्या कुठल्याही स्पेअरच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा न बघता मागच्या फळीवरून पार्ट काढून देतो. कमी पैशात जुनी गाडी उभी करायची तर गाडी निवडतानाच अर्धा हिशेब ठरून जातो. इथे ती वारशानंच निवडलेली होती.

साडेनऊ हजारांचं निदान

गाडी छोट्या टेम्पोत घालून जवळच्या एका गॅरेजला नेली. तिथल्या फिटरनं नवा प्लग लावला, बाटलीतून पेट्रोल दिलं, पंधरा-वीस किका मारल्या. गाडी सुरू झाली आणि मागून निळसर धुराचा लोट आला. “इंजिन बसलंय. ब्लॉक-पिस्टन, टायमिंग, क्लच, सगळं खोलायला लागंल. साडेनऊ हजार धरा.” दोन मिनिटांत निदान. माझ्या वीसातले साडेनऊ तिथेच संपत होते आणि अजून टायर, ब्रेक, बॅटरी, कागद सगळं बाकी होतं.

मी गाडी तशीच कोल्हापूरला आणली. उद्यमनगरच्या मागच्या अंगाला एक चाचा आहेत, वय सत्तरीकडे झुकलेलं, दुकानावर पाटी नाही. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही. म्हणाले, “चालवत कोण होतं? त्यास्नी फोन लाव.”

आबा फोनवर आले. चाचांनी एकच विचारलं, “धूर कवा यायचा?”

“सकाळी पहिल्यांदा चालू केली की भपकन. मग न्हाई. आन् लांब उतार उतरून खाली रेस दिली की परत एकदा.”

“चढाला? डबल सीट?”

“चढाला कधी न्हाई.”

चाचांनी फोन माझ्या हातात दिला. “मग रिंग कशाला जातीया? व्हॉल्व्हचं सील गेलंय.”

यामागचं कारण साधं आहे, पण गॅरेजात कुणी ते समजावून सांगायच्या भानगडीत पडत नाही. पिस्टनच्या रिंगा झिजल्या तर ऑइल खालून वर येतं, आणि इंजिनावर भार असताना, म्हणजे चढाला, डबल सीटला, धूर सतत येत राहतो. व्हॉल्व्हच्या, म्हणजे इंजिनाच्या आत-बाहेरच्या वाटा उघडझाक करणाऱ्या झडपेच्या, दांडीवरचं रबरी सील कडक झालं तर ऑइल वरून खाली झिरपतं. रात्रभर गाडी उभी राहिली की थोडं साठतं आणि सकाळी एकदा भपका येतो. उतारावर रेस बंद असते, इंजिन मात्र फिरत असतं. इनलेटमध्ये, म्हणजे पेट्रोल-हवा आत येण्याच्या वाटेत, ओढ वाढते आणि ते ऑइल चोखून घेतं. मग खाली आल्यावर रेस दिली की जळतं. आबांनी न कळत जे सांगितलं होतं ते सगळं सीलकडे बोट दाखवत होतं. त्या सीलची जोडी ऐंशी रुपयांना मिळाली.

पण चाचांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. आबांनी आणखी एक तक्रार सांगितली होती: गरम झाली की गाडी सिग्नलला बंद पडायची आणि किका मारून पाय भरून यायचा, अर्धा तास थांबलं की पहिल्या किकला चालू. चाचांनी कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर, काढलं. या गाडीचा प्लग १० मिलिमीटरच्या आट्याचा, गेजबरोबर येणारं तोंड बहुतेक वेळा १४ चं. त्यामुळे अनेक गॅरेजांत गेज असूनही स्प्लेंडरला लावलं जात नाही. चाचांनी लेथवर करून घेतलेलं पितळी तोंड डब्यातून काढलं. रेस पूर्ण उघडी धरून दहा-बारा किका. काटा ९० पीएसआयवर थांबला. किमान दीडशेच्या आसपास हवा होता.

मी म्हणालो, “म्हणजे ब्लॉकच गेला की.”

“थांब की जरा.”

डाव्या बाजूच्या मॅग्नेट कव्हरवर दोन झाकणं असतात. मधलं काढून पान्यानं मॅग्नेट हळूहळू फिरवायचा आणि वरच्या झाकणातून ‘टी’ची खूण जुळते का बघायचं. पिस्टन कॉम्प्रेशनवर वर आला की हेडमधले, म्हणजे सिलिंडरच्या वरच्या टोपीतले, व्हॉल्व्ह दाबणारे दोन्ही रॉकर बोटानं किंचित हलले पाहिजेत. तेवढीच ती टॅपेटची फट. इनलेटचा जेमतेम हलत होता, एक्झॉस्टचा, म्हणजे धूर बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हचा, ढिम्म. फट मोजायच्या फिलर गेजचं सगळ्यांत पातळ पातंसुद्धा तिथे शिरेना. म्हणजे एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह कधी पुरता बसतच नव्हता. गरम झाला की दांडी लांबायची आणि उरलंसुरलं कॉम्प्रेशनही निघून जायचं.

चाचा हसायला लागले. “टकटक बंद कर म्हणून कुणीतरी सांगितलेलं असणार बघ.”

रात्री आबांना विचारलं. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मीच सांगिटलेलं. लई आवाज यायचा.” टॅपेटची हलकी टकटक ही निरोगी इंजिनाची खूण आहे, हे आमच्याकडे कुणाला पटत नाही. गिऱ्हाईक आवाजाची तक्रार करतं, फिटर स्क्रू आवळतो, गिऱ्हाईक खूश. पुढच्या दोन-तीन वर्षांत व्हॉल्व्ह जळतो. व्हॉल्व्हला आपली उष्णता सोडायला सीटला, म्हणजे हेडमधल्या त्याच्या बैठकीला, टेकलेलं राहावं लागतं. टेकलाच नाही तर तापत जातो.

टॅपेट नीट लावून पुन्हा गेज लावलं, तर ११५. प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून, दोन किका मारून परत बघितलं, तर १२०. नेहमीचा आडाखा असा की ऑइल टाकल्यावर काटा एकदम उसळला तर रिंगा गेल्या, नाही उसळला तर व्हॉल्व्ह. पण चाचांनी इथेही सावध केलं. या इंजिनाचा सिलिंडर जवळजवळ आडवा झोपलेला. ऑइल सगळीकडे न पसरता खालच्या बाजूला साचतं, म्हणून या चाचणीवर डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. हेड काढल्यावर खरं काय ते दिसेलच.

हेड उतरवल्यावर

रविवारी सकाळी हेड उतरलं. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हच्या कडेला चारी बाजूंनी राखाडी पट्टा असायला हवा. इथे एका जागी करवंदाच्या डागासारखा काळा खड्डा पडला होता. चाचांनी व्हॉल्व्ह जागेवर ठेवून, हेड कलतं धरून, पोर्टमध्ये थोडं रॉकेल ओतलं. मिनिटभरात दुसऱ्या बाजूनं थेंब थेंब गळायला लागलं. इनलेटच्या बाजूनं काही नाही. नवा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणला. ग्राइंडिंग पेस्ट लावून, रबरी चोखणी असलेली काडी दोन तळव्यांत धरून, ताक घुसळताना रवी फिरवतात तशी फिरवायची. आधी जाड पेस्ट, मग बारीक. खरखर आवाज हळूहळू मऊ होत जातो, कानाला कळतं. हे काम चाचांनी माझ्याकडून करून घेतलं, पाऊण तास. पुन्हा रॉकेल ओतलं आणि चहा प्यायला गेलो. परत आलो तरी एक थेंब नाही.

ब्लॉक, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो तो सिलिंडर, घेऊन मी दोन गल्ल्या पलीकडे बोअरिंगवाल्याकडे गेलो. ऑइल इंजिनं आणि फाउंड्रीच्या जोरावर उभं राहिलेलं हे उद्यमनगर. इथे शंभराव्या भागापर्यंत मोजणारी माणसं पायरी-पायरीवर बसलेली असतात. त्यानं बोअर डायल आत घालून तीन ठिकाणी, आडवं-उभं फिरवून बघितलं. मूळ माप ५० मिलिमीटर. झीज सर्वांत जास्त जिथे होती तिथे ०.०३. तळाला होनिंगच्या, म्हणजे मुळातल्या घासाईच्या, तिरक्या रेघा अजून दिसत होत्या. रिंग ब्लॉकमध्ये सरळ बसवून तिच्या टोकांमधली फट मोजली, तीही अर्ध्या मिलिमीटरच्या बरीच आत. मी तरी विचारलं, “आता खोललंच आहे तर ओव्हरसाइज पिस्टन टाकून घेऊ का?”

“पैसं जास्त झाल्यात काय? चांगला ब्लॉक हाय. गप बसवा.”

ज्याचा धंदाच बोअर मारायचा, त्यानं नको म्हटल्यावर विषय संपला. एकदा बोअर मारला, म्हणजे सिलिंडर आतून मोठा केला, की पाव-पाव मिलिमीटरनं वाढत जाणाऱ्या मापांतली एक पायरी कायमची खर्च होते. जो ब्लॉक अजून सरळ आहे त्याला हात न लावणं हीच बचत.

हेड बसवताना मॅग्नेटची ‘टी’ आणि कॅमच्या चक्रावरची गोल खूण दोन्ही जुळवून टायमिंग चेन चढवायची, एवढीच जोखीम. एक दात चुकला तर गाडी चालू होते पण जीव नसतो. आम्ही तीनदा तपासलं. क्लचचं कव्हर उघडलंच होतं म्हणून फिरत्या ऑइल फिल्टरच्या टोपीतला गाळ काढला. काळ्या लोण्यासारखा, चमच्यानं निघेल असा. या गाडीला कागदी फिल्टर नसतो. घाण फिरून फिरून या टोपीत चिकटते, आणि बहुतेक गाड्यांची ही टोपी वर्षानुवर्षं कुणी उघडत नाही. कॉम्प्रेशन आता १५५. गॅस्केट, सील, व्हॉल्व्ह मिळून ११०० आणि चाचांची मजुरी १५००. साडेनऊ हजारांच्या जागी २,६००.

साडेसहाशे रुपयांचा शहाणपणा

इथे मी माझी चूक सांगून टाकतो. हेडचं काम चालू असताना मला वाटलं, कार्बोरेटर तीन वर्षं सडलाय, नवाच घेऊ. दुकानात लोकल कार्बोरेटर ६५० ला मिळाला, दिसायला अगदी तसाच. बसवला. गाडी सुरू झाली, पण एका जागी रेस टिकेना. हवेचा स्क्रू आत, बाहेर, अर्धा फेरा, पाव फेरा, दोन संध्याकाळी यात गेल्या. चाचांनी ढवळाढवळ केली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “जुना कुठाय?”

जुना मी भंगाराच्या पिशवीत टाकला होता. फ्लोटची वाटी उघडली तर तळाला हिरवट-पिवळं चिकट पाणी आणि पायलट जेट, म्हणजे रेस सोडल्यावर पेट्रोल पुरवणारा बारीक भोकाचा तुकडा, पूर्ण बुजलेला. हा जेट उजेडाकडे धरला तर त्यातून सुईच्या टोकाएवढा उजेड दिसायला हवा, इथे अंधार. चाचांनी वायरची एकच तांब्याची तार सोलून घेतली आणि तिनं भोक मोकळं केलं. टाचणी किंवा स्टीलची तार वापरली तर भोक मोठं होतं आणि गाडी कायमची जास्त पेट्रोल पिते. स्प्रे, हवा, नवा फ्लोट व्हॉल्व्ह आणि गॅस्केट, एकशे वीस रुपये. दुसऱ्या किकला गाडी लागली आणि रेस अशी टिकली की टाकीवर ठेवलेला पाना हलेना. लोकल कार्बोरेटर अजून माझ्या कपाटात आहे. कुणाला फुकट द्यायचीही लाज वाटते.

टाकी मात्र मी एकट्यानं केली आणि चांगली केली. पेट्रोल कॉक काढून त्या जागी रबर लावून पट्टी बोल्टनं बंद केली. आत मूठभर जुने नट टाकून टाकी पोत्यात गुंडाळून हलवली, घरातल्या लोकांनी शिव्या घालेपर्यंत. मग गरम पाण्यात अर्धा किलो लिंबूसत्व विरघळवून टाकी काठोकाठ भरली आणि एक दिवस तशीच ठेवली. पाणी गंजाच्या रंगाचं झालं, आतला पत्रा राखाडी निघाला. ते ओतून लगेच खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुतलं, हेअर ड्रायरनं सुकवलं आणि कपभर ऑइल-पेट्रोल आत फिरवलं. शेवटची पायरी तासाभरासाठी जरी लांबवली तरी ओला पत्रा डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस होतो. माझा एक कोपरा झालाच. पेट्रोलचा पाइपही बदलला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि जुनं रबर फुगवतं. उभी राहणारी जुनी गाडी असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवणं अंगाशी येतं.

टायरवर कुणी चर्चा करू नये. जुन्यावर ३४११ असे चार आकडे होते. २०११ सालच्या ३४ व्या आठवड्यातलं ते टायर. वर नक्षी भरपूर शिल्लक होती, त्यामुळे आबांच्या मते ‘नवंच हाय’. दोन्ही टायर-ट्यूब ३,४००. चेन सॉकेट, ब्रेकचे लायनर, तिन्ही केबल, बॅटरी, पुढच्या शॉकअपचं सील आणि ऑइल, रिमचा आऊट काढणं, इंजिन ऑइल. यांत सांगण्यासारखं काही नाही, फक्त पैसे आहेत. हा सगळा यांत्रिक खर्च, माझ्या साडेसहाशेच्या शहाणपणासकट, ११,३३० वर थांबला.

आई बसणार आहे

आता दिसण्याचं. मोबाइलवर बघून बघून माझ्या डोक्यात कॅफे रेसर बसली होती: मागची चेसिस कापायची, एकाच माणसाची उंटाच्या पाठीसारखी सीट, खाली वाकलेलं हँडल, मोकळा सायलेन्सर. आबांना चित्र दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं.

“गाडीवर तुझी आई बसणार हाय. ती बसंल असं कर.”

या एका वाक्यानं माझे किमान सहा-सात हजार वाचले असतील. कायदाही आबांच्याच बाजूचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत आरसीशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठणकावून सांगितलं. मागे बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला फुटरेस्ट आणि मागचं चाक निम्मं तरी झाकणारी जाळी, म्हणजे आपलं साडीगार्ड, हे नियमातच आहे. कॅफे रेसरवाले पहिल्यांदा तेच कापून टाकतात. मोकळ्या सायलेन्सरला पोलीस सोडत नाहीत. शिवाय सायलेन्सर बदलला की जेटही बदलावा लागतो, आणि ते प्रकरण मला परत उघडायचं नव्हतं.

मग मी काढून टाकण्याकडे वळलो. पुढचं प्लास्टिकचं छोटं फेअरिंग पिवळं पडलं होतं, ते काढलं. त्या जागी गोल हेडलाइट. पुण्यातल्या एका मित्रानं जुन्या बाजारातून आणला, रिंगसकट साडेतीनशे. धरायच्या पट्ट्या लेथवाल्यानं दीडशेत वाकवून दिल्या. आत मावसभावानं दिलेला एलईडी बल्ब लावला तर तो दिवाळीच्या माळेसारखा लुकलुकायला लागला. या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नसतो, मॅग्नेटच्या एसी करंटवर थेट चालतो. रेस कमी झाली की मंदावतो, आणि साध्या एलईडीला ते झेपत नाही. वायरिंग डीसीवर घेता येतं, पण अडीच एएचच्या बॅटरीवर तो भार टाकायची हिंमत झाली नाही. ३५/३५ वॅटचा साधा हॅलोजन परत गेला. रात्री त्याचा पिवळा उजेड मला आवडतोही.

सीटचा पत्रा खालून गंजला होता. वेल्डिंग करून, कुशनवाल्याकडून फोम सपाट करून काळ्या रेक्झिनवर आडव्या शिलाया मारून घेतल्या, ९००. रंगाच्या बाबतीत दोन दिवस घोळ घातला. गडद हिरवा हवा होता. पण आरसीवर काळा आहे. हिरवा केला तर आरटीओकडे रंगबदलाची नोंद, त्याचे फेरे. काळाच ठेवला. टाकी आणि साइड पॅनेल रंगवायला १,८००. पेंटर म्हणाला टाकीवरचा पोचा लापी भरून काढतो, पाचशे जादा. तो पोचा २००९ साली मी गाडी शिकताना गोठ्याच्या खांबाला आपटून पाडलेला. राहू दे म्हटलं. इंजिनाला रंग नाही दिला, रॉकेल आणि पितळी ब्रशनं घासलं. रंगाऱ्याला एकच गोष्ट बजावली: चेसिस नंबर आणि इंजिन नंबर यांच्यावर रंगाचा थेंब जाऊ द्यायचा नाही.

वायरिंगची किरकोळ दुरुस्ती धरून दिसण्यावर ३,५५० गेले. नवीन पेट्रोल कॉकचा वॉशर पहिल्याच रात्री गळला आणि टाकीच्या खालच्या कडेला रुपयाएवढी लॅकर उडाली, ती तशीच आहे. रंग देण्याआधी कॉक बसवून, एक रात्र पेट्रोल भरून ठेवून बघायला हवं होतं. सुचलं नाही.

आरटीओच्या मैदानावर

कागदांचा खर्च मी सुरुवातीलाच बाजूला काढून ठेवला होता, कारण त्यात घासाघीस होत नाही. ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या दुचाकीचं नूतनीकरण शुल्क २,००० झालंय. महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या दुचाकीला पाच वर्षांचा पर्यावरण कर तेव्हा आणखी २,००० होता. नवी सुरक्षित नंबरप्लेट करासकट ५३१. थर्ड पार्टी विमा वर्षाचा करासकट साडेआठशेच्या आत. पीयूसी ५०, आणि आरसीचं कार्ड, टपाल वगैरे. सगळे मिळून ५,७५०. आबा म्हणाले, “एवढ्यात त्या भंगारवाल्यानं सव्वा गाडी दिली असती.”

पीयूसीची मला धाकधूक होती. मार्च २००० नंतर बनलेल्या चार स्ट्रोक दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड साडेतीन टक्क्यांच्या आत लागतो. आमचा पहिला आकडा ३.१ आला; चाचांनी हवेचा स्क्रू पाव फेरा फिरवला आणि १.४ वर आणला. धूर म्हणाल तर सकाळीही नाही.

नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या आधी जास्तीत जास्त साठ दिवस करता येतो, म्हणून डिसेंबरात गेलो. तपासणीला आलेल्या साहेबांनी आधी साडीगार्ड बघितलं, मग आरसा, इंडिकेटर, ब्रेक लाइट. हँडलखाली वाकून चेसिस नंबर वाचला. सकाळीच मी तो रॉकेलच्या फडक्यानं पुसून ठेवला होता. मग गोल हेडलाइटकडे बघून म्हणाले, “ही सीडी हंड्रेड आहे का?”

“नाही साहेब, स्प्लेंडरच. पुढचं प्लास्टिक तुटलं होतं.”

त्यांनी डिपर मारून बघितला आणि सही केली. या विषयावर दुसरा अधिकारी दुसरं काही बोलला असता, हे मला माहीत आहे. म्हणून मूळ फेअरिंग मी पिशवीत घालून बरोबर नेलं होतं.

सगळा हिशेब २०,६३० झाला. तो कार्बोरेटर घेतला नसता तर १९,९८० मध्ये बसलं असतं, हे बायकोनं वहीवर लाल पेनानं लिहून ठेवलंय. ॲव्हरेज टाकी फुल करून दोनदा मोजलं, लिटरला ६१ आणि ५९. टॅपेटची टकटक येते. आबा गाडीजवळ आले की कान देतात, माझ्याकडे बघतात, पण काही बोलत नाहीत.

आई संक्रांतीला मामाकडे वाण घेऊन या गाडीवरूनच गेली, एका हातात पिशवी आणि एका हातानं मागची दांडी धरून. गिअरच्या शाफ्टच्या सीलमधून रात्रीत ऑइलचा एक थेंब पडतो. सील चाळीस रुपयांचं आहे, पण वहीत आता जागा नाही, म्हणून सध्या खाली पुठ्ठा टाकलाय.